बिनकडीचं दार

शर्माजींचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होते. ‘‘भाभीजी, बुआजी दरवाज़ा नहीं खोल रही हैं. दूध की थैली वैसी ही टंगी है. चाबी आपके पास है ना?’’ शर्माजी म्हणजे इंदूरच्या स्नेहलतागंजात वसूआत्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारे शेजारी. किल्ली माझ्याकडेच होती. लाल लोकरीचा गोंडा बांधलेली, पर्सच्या आतल्या कप्प्यात, गेली चार वर्षं. रिक्षात बसल्यावर ती मुठीत धरली ती पोचेपर्यंत सोडली नाही. कुलूप लगेच उघडलं. आतून साखळी लावलेली नव्हती, कारण साखळी ही फक्त अनोळखी माणसाशी दार किलकिलं करून बोलण्यासाठी असते, एरवी ती लावायची नाही, असा आत्यांच्या घरचा नियम होता. आत शिरल्यावर माझी नजर आधी गेली ती बाथरूमच्या दारावरच्या पाटीकडे. पाटीवर हिरव्या रंगात ‘रिकामं’ असं दिसत होतं. क्षणभर जीव भांड्यात पडला... आणि मग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत आत्या दिसल्या. चष्मा मांडीवर, शेजारी बशीनं झाकलेला चहा. मी सवयीनं विचारलं, ‘‘आत्या, आहात ना?’’ इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या प्रश्नाला उत्तर आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसावा. आता दीड महिना होऊन गेला. रडून झालं, दिवस झाले, फोटोला हार घालून झाला. तरी मला सारखं एकच वाटत राहतं, की त्या दिवसातली कुठली गोष्ट आत्यांना आवडली असती, तर ती ही, की दार तोडावं लागलं नाही.

वसूआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, थोरली आत्या. त्यांचे वडील इंदूरच्या मिलमध्ये कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. आत्यांनी मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि मिलिंदचे आईवडील तो शाळेत असतानाच गेल्यावर त्याला वाढवलं. म्हणजे नात्यानं आत्या, पण माझ्या दृष्टीनं सासूच. माझं माहेर नाशिकचं. लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावून सांगितलं होतं, ‘‘एकटीनं राहिलेली बाई आहे, मास्तरीण आहे, जपून राहा.’’ लग्नात आत्यांनी आम्हाला जो आहेर दिला तो आईनं घाईघाईनं साडीच्या पिशवीखाली सरकवला होता, कारण तो आहेर म्हणजे लाल रिबीन बांधलेला गॅसचा रबरी पाइप होता. आईला वाटलं, कुणीतरी चावटपणा केला. मग कळलं की आत्या सगळ्याच लग्नांत हेच देतात. पाइपला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर तो कधी बदलायचा तो महिना आणि साल आपल्या वळणदार अक्षरात लिहितात, आणि तो महिना आला की पत्ता शोधत त्या घरी हजर होतात. इंदुरात अशी कितीतरी घरं असतील जिथे नवरा-बायकोला लग्नाची तारीख आठवत नाही, पण पाइपचा महिना पाठ आहे.

कुणाच्याही घरी गेल्यावर त्या लगेच बसायच्या नाहीत. चपला काढल्या, पाणी प्यायलं, की ‘‘एक राऊंड मारून येते हं,’’ म्हणून घरभर फिरायच्या. पर्समध्ये रुमाल, कंगवा आणि बडीशेपेच्या डबीशेजारी विजेचा टेस्टर असायचा, शिवाय स्क्रू काढायचा एक आखूड पेचकस. खिडक्या पूर्ण उघडतात का, कूलरचं पाणी कधी ओतलं, औषधं आणि फिनेल एकाच फळीवर तर नाहीत, पलंगामागच्या भिंतीला ओल आहे का. भिंतीला तर त्या हाताचा तळवा लावून उभ्या राहायच्या, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा. दारात असलेल्या बघायच्या भोकावर त्यांचा विशेष राग. ‘‘हे कुणासाठी केलंय? उंट येऊन राहिलाय का घरात? जिला बघायचंय तिच्या डोळ्यासमोर नको का?’’ आमच्या दाराला त्यामुळे दोन भोकं आहेत, एक मिलिंदच्या उंचीचं आणि एक आमची लेक ऋचा सहा वर्षांची होती तेव्हाच्या उंचीचं. नवीन माणूस ते खालचं भोक बघून हमखास विचारतो, आणि मग चहा होईपर्यंत आत्यांचीच गोष्ट चालते.

आज हे सगळं मी कौतुकानं लिहितेय, पण तेव्हा मला ते मुळीच गोड लागत नव्हतं. सुदामा नगरात आम्ही घर घेतलं, वास्तुशांत झाली, पंगत उठली, आणि आत्या ओट्याखाली वाकून बसल्या. माझ्या सगळ्या मैत्रिणींसमोर. मला वाटलं, ही माझ्या घरकामाची तपासणी आहे. सिंकखाली काळपट काय दिसतंय, खिडकीच्या कडेला बुरशी का आहे, हे प्रश्न सुनेला विचारले की त्याचा अर्थ एकच होतो, असं मी माहेराहून शिकून आले होते. मी दुसऱ्या दिवशी सिंकखालचा भाग घासूनपुसून लखलखीत केला. पुढच्या वेळी आत्यांनी तो बघितला आणि म्हणाल्या, ‘‘चमकवलंस ते छान. पण नळी तर गळूनच राहिली आहे ना.’’ मी त्या दिवशी त्यांना मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. त्यांनी तो पिऊन टाकला आणि वर म्हणाल्या, ‘‘बरं केलंस, साखर कमीच करायची होती.’’

खरी लढाई झाली ती बाथरूमच्या कडीवरून. आमचा गॅस गीझर बाथरूमच्या आतच होता, आधीच्या मालकानं बसवलेला. आत्यांनी पहिल्याच फेरीत सांगितलं, हा बाहेर काढा, आणि काढेपर्यंत वरचा झरोका कधीही बंद करू नका. बंद जागेत गॅस जळला की हवा विषारी होते, तिला वास नसतो, माणसाला कळतही नाही, असं त्यांनी आम्हाला वर्गात शिकवावं तसं शिकवलं. मिलिंद म्हणाला, ‘‘हो आत्या, पुढच्या महिन्यात.’’ आमच्या घरात पुढचा महिना हा फार मोठा असतो. आत्यांनाही ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पर्समधून पेचकस काढला आणि बाथरूमची आतली कडी काढून माझ्या हातात ठेवली. तिच्या जागी दारावर बाहेरून एक पाटी टांगली. तळहाताएवढा प्लायवूडचा तुकडा, सुतळीला बांधलेला, एका बाजूला लाल रंगात ‘आत आहे’ आणि दुसऱ्या बाजूला हिरव्यात ‘रिकामं’. आत जाताना पाटी फिरवायची, बाहेर येताना परत फिरवायची. आणि आत गेलेल्याला दहा मिनिटं झाली, की जो कोणी तिथून जाईल त्यानं दारावर टकटक करून विचारायचं, ‘आहेस ना?’ आतल्यानं उत्तर द्यायचं, ‘आहे.’ तोंडात ब्रश असला तरी द्यायचं.

हसू नका, पण घरात तरुण पाहुणे आले की त्या पाटीपायी फार गंमत व्हायची. माझा भाऊ नाशिकहून आला तेव्हा बिनकडीच्या दारावर त्याचा विश्वासच बसेना. तो अंघोळ संपेपर्यंत मोठमोठ्यानं गात राहिला, म्हणजे आत कोणी आहे याबद्दल कुणालाही शंका राहू नये. ऋचाला मात्र हा खेळ अतिशय आवडला. येता-जाता ‘आहेस ना?’ विचारून ती बापाला दाढीसुद्धा धड करू देईना. मला लाज वाटायची. माझे आईवडील राहायला येणार होते, आणि बाथरूमला कडी नाही हे मी आईला कुठल्या तोंडानं सांगणार होते? मी आत्यांना न सांगता नवी कडी आणली, चांगली पितळी, आणि सुतार ठरवला. सुतार इंदूरचा. ‘‘कल पक्का, भाभीजी,’’ म्हणाला. तो ‘कल’ तीन आठवडे चालला. कडी प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्वयंपाकघराच्या खणात पडून राहिली, आणि मी रोज त्या सुताराच्या नावानं बोटं मोडत राहिले.

ते दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. झरोक्यातून असा वारा यायचा की अंघोळीच्या नावानं अंगावर काटा यावा. ऋचा तेव्हा अकरा वर्षांची, सर्दीनं बेजार. एका रविवारी सकाळी मी स्टुलावर चढले आणि मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून झरोक्यावर चिकटवून टाकला. मी. माझ्या हातानं. आत्यांचं सगळं ऐकलेलं असताना, ‘दोन दिवसांपुरतं’ म्हणून. ऋचा केस धुवायला आत गेली, पाटी फिरवून गेली. मी पोहे भिजवले, कांदा चिरला. शेव आणायला मिलिंद बाहेर गेला होता. कोथिंबीर आणायला मी मागच्या अंगणात निघाले आणि जाता जाता, मुलीला चिडवावं म्हणून, दारावर टिचकी मारली. ‘‘आहेस ना?’’ पाण्याचा आवाज येत होता. मी परत विचारलं. मग दार ढकललं. दार उघडलं, कारण त्याला कडी नव्हती... ऋचा भिंतीला टेकून खाली बसली होती, मान कलंडलेली. तिला अंगणात कशी ओढली, गीझर कोणी बंद केला, शेजारणीनं चादर कधी टाकली, यातलं मला धड काही आठवत नाही. अंगणातल्या फरशीवर थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, ‘‘आई, डोकं दुखतंय.’’ इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

दवाखान्यात तिला एक दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता येत नव्हतं. आत्या तासाभरात आल्या. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. ‘मी सांगितलं होतं’ हे तीन शब्द ऐकायची मी तयारी करून ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला मिळाले असते तर बरं वाटलं असतं. आत्यांनी ऋचाच्या केसांतून हात फिरवला. ‘‘साबण तसाच राहिलाय गं डोक्यात. उद्या घरी गेली की मी धुऊन देईन.’’ एवढंच. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्या सरळ बाथरूमशी गेल्या, मला स्टूल धरायला लावलं, वर चढून झरोक्यावरचा पुठ्ठा काढला आणि नीट घडी करून रद्दीत ठेवला. मी म्हटलं, ‘‘आत्या, चूक माझी आहे. आणि कडीसुद्धा मी आणून ठेवली होती. सुतार आला असता तर...’’

आत्या स्टुलावरून उतरल्या आणि त्याच स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, ‘‘आमची आई अशीच आत पडली होती. पाय घसरून. कडी आतून. मी बाहेर उभी, ती आतून बोलून राहिली होती, वसू, घाबरू नको म्हणून. मी चौदा वर्षांची. वरवंटा आणला, दार तोडायला लागले. दार मजबूत होतं, आमच्या बाबांनी चोरांच्या भीतीनं सागवानाचं करून घेतलं होतं.’’ मग झरोक्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘चोर तर काही कधी आला नाही, शुभदा.’’ मग उठल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, ‘‘ती नवी कडी कुठंय? दे इकडे. चांगली पितळी आहे, वाया कशाला घालवायची?’’ पेचकस निघाला, आणि ती कडी फिनेल-अ‍ॅसिड ठेवायच्या कपाटाला बाहेरून बसली. आजही तिथेच आहे. गीझर त्याच आठवड्यात निघाला. त्या महिन्यात आमच्या घरी पहिल्यांदाच पुढचा महिना नव्हता.

त्यानंतर मी त्यांची शिष्याच झाले म्हणा ना. रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाली की आत्यांबरोबर राजवाड्याच्या बाजारात जायचं. हार्डवेअरच्या दुकानात त्या उभ्या राहिल्या की दुकानदार स्वतः गल्ल्यावरून उठून यायचा, आदरानं नव्हे, भीतीनं. ‘‘भिया, इस पाइप पे तारीख किधर लिखी है?’’ तो म्हणायचा, ‘‘माताजी, चलेगा, सब ले जाते हैं.’’ ‘‘सब ले जाते हैं म्हणूनच तर मला सगळ्यांच्या घरी जावं लागतं ना,’’ हे त्या मराठीत, माझ्याकडे बघून म्हणायच्या, आणि दुकानदार मान डोलवायचा, जणू त्याला कळलंच. मी पण नकळत घरं बघायला लागले. मैत्रिणीकडे गेले की आधी खिडक्या दिसायच्या. एकदा तर भिशीच्या वेळी मी कुणाच्या तरी ओट्याखाली वाकले आणि वाकल्यावर भान आलं, की बाई, झालीस तू वसूआत्या.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी स्नेहलतागंजात गेले आणि चहा प्यायच्या आधी म्हटलं, ‘‘आत्या, एक राऊंड मारून येते.’’ त्यांना ते आवडलं नाही. पंचाहत्तरी उलटलेल्या मास्तरीणबाईंची वही दुसऱ्यानं तपासायची म्हणजे काय. पंख्याखाली स्टूल होतं आणि पंख्याचं एकच पातं पुसलेलं होतं. मी विचारलं, ‘‘हे कोणी पुसलं?’’ तर खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, ‘‘कोण जाणे.’’ बाथरूममध्ये धरायला दांडी नव्हती. इंदुरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्यांनी दांडी बसवायला लावली होती, स्वतःच्या घरी मात्र नाही. ‘‘मला कशाला पाहिजे? मी कुठे म्हातारी होऊन राहिली आहे?’’ मी दुसऱ्या दिवशी माणूस घेऊन गेले, दांडी बसवली, आणि स्टूल जप्त करून घरी आणलं. त्या फुगून बसल्या होत्या. मी निघाले तेव्हा दारात आल्या आणि लाल गोंड्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली. ‘‘मिलिंदला नको देऊ, हरवून टाकेल तो. तू ठेव. तू आता बघायला लागलीस... बरं झालं.’’ नाशिकला आईला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा मला रडू का येतंय हे तिला कळेना.

गेल्या आठवड्यात आम्ही आत्यांचं घर आवरायला गेलो. ऋचा पुण्याहून रजा काढून आली आहे. ती आता तिथे नोकरी करते, दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. आवरायला फारसं नव्हतंच. औषधं वेगळ्या डब्यात, प्रत्येकावर तारीख. खिडक्या सगळ्या सहज उघडणाऱ्या. कपाटात रिबिनी बांधून तयार ठेवलेले पाच पाइप, येत्या लग्नसराईचे. टेस्टर ऋचानं आपल्या पर्समध्ये टाकला, कुणाला न विचारता. मी बाथरूमच्या दारावरची पाटी काढायला गेले आणि तिथेच थबकले. पाटीच्या कडा बोटांनी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, लाल रंग दोनदा नव्यानं दिलेला दिसत होता, सुतळी कोरी होती. मी मिलिंदला म्हटलं, ‘‘अरे, आत्या तर एकट्याच राहत होत्या. मग पाटी त्या कुणासाठी फिरवायच्या?’’ तो म्हणाला, ‘‘सवय असेल.’’ सवय होतीच. पण मला आठवलं, त्या दिवशी दार उघडल्याबरोबर मी आधी कुठे बघितलं होतं... त्या घराची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती. चार वर्षं रोज, अंघोळीला जाताना आणि येताना, आत्या ती पाटी माझ्यासाठी फिरवत होत्या.

पाच पाइपांपैकी एक मी परवाच एका लग्नात दिला. माझं अक्षर आत्यांइतकं चांगलं नाही, पण महिना आणि साल नीट लिहिलंय. आमच्या घरची जुनी पाटी ऋचा पुण्याला घेऊन जाणार आहे. मैत्रिणी हसतील, मी म्हटलं. ‘‘हसू दे की. दोन दिवसांत त्या पण विचारायला लागतील,’’ ती म्हणाली. आमच्या दारावर आता आत्यांची पाटी आहे.

आज सकाळी ऋचा केस धुवायला गेली. मी पोहे भिजवून कोथिंबीर आणायला मागच्या अंगणात निघाले होते. पाटी लाल बाजूला फिरवलेली होती, आत्यांच्या वळणदार अक्षरात ‘आत आहे’. दहा मिनिटं काही झाली नव्हती, पाचसुद्धा नसतील. तरी मी थांबले आणि दारावर टिचकी मारली.

‘‘आहेस ना?’’

पाण्याचा आवाज थांबला. चोवीस वर्षांची मुलगी जराशी वैतागून, जराशी हसून म्हणाली, ‘‘आहे गं आई. आहे.’’